माळढोक, विजेची तार आणि एक नवा मूलभूत हक्क

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. माळावर किडे टिपताना चहूबाजूंचा कोल्हा-कुत्रा दिसावा म्हणून ही रचना सोयीची, पण नेमकं समोरचं त्याला अगदी अरुंद पट्टीत दिसतं. उडताना तो जमीन न्याहाळायला मान जराशी खाली करतो आणि तेवढ्यात समोरची ती पट्टीही जाते. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत एवढं वजन फार थोड्यांचं. तार दिसलीच तर दिसते अगदी जवळ आल्यावर, आणि एवढं धूड ऐनवेळी वळत नाही.

राजस्थानच्या थर वाळवंटात विजेच्या तारांना धडकून वर्षाला सुमारे १८ माळढोक मरतात, असा अंदाज डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने काढला होता. आकडा लहान वाटतो. पण जंगली अवस्थेतले माळढोक जगात दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक सगळे जैसलमेर जिल्ह्यात, आणि मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. १९६९ मध्ये देशभरात हे पक्षी १,२६० च्या घरात होते. गुजरातेत कच्छच्या नलिया परिसरात आता मोजक्या माद्या आहेत आणि नर एकही नाही.

या पक्ष्याला मारणाऱ्या तारा कुठली वीज वाहतात, हा यातला खरा पेच आहे. जैसलमेर, बाडमेर, फलोदी, कच्छ हा देशातला भरपूर ऊन आणि वारा असलेला पट्टा. एकट्या भडला सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे. तिथली वीज दिल्ली-मुंबईकडे न्यायची तर उच्च दाबाच्या वाहिन्या लागतात, आणि त्या नेमक्या माळढोकाच्या माळावरून जातात. कोळसा जाळू नये म्हणून उभारलेली यंत्रणाच इथे एका जातीला संपवू पाहते. पर्यावरणाच्या दोन बाजू एकमेकींविरुद्ध उभ्या राहिलेला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यातून भारतीय नागरिकाला एक नवा मूलभूत हक्क मिळाला. तो कसा मिळाला, आणि मिळताना कोणाचं काय राहून गेलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

याचिका २०१९ सालची. याचिकाकर्ते एम. के. रणजितसिंह. वांकानेरच्या राजघराण्यातला हा माणूस सनदी सेवेत गेला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मसुद्यावर त्यानेच काम केलं. ज्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात माळढोक आहे, तो कायदा लिहिणाऱ्यालाच उतारवयात त्या पक्ष्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. मागणी साधी होती: माळढोकाच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घाला, आणि तोवर त्यांच्यावर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा. या चकत्यांना बर्ड डायव्हर्टर म्हणतात. त्या वाऱ्यावर फिरतात, चमकतात, आणि काही पक्षी त्यामुळे वाचतात.

१९ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. बोपण्णा आणि न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने ही मागणी जवळपास जशीच्या तशी मान्य केली. बोबडे त्यानंतर चारच दिवसांनी निवृत्त झाले. आदेश राजस्थान आणि गुजरातमधल्या मिळून सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरना लागू होता, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एकतृतीयांश भूभागाला. कमी दाबाच्या नव्या तारा जमिनीखालूनच जातील, जुन्या शक्य तिथे वर्षभरात खाली घालायच्या, आणि उच्च दाबाच्या वाहिन्यांचं काय करायचं ते तीन तज्ज्ञांची समिती ठरवेल, असा त्याचा सारांश. न्यायाधीशांची भूमिका स्पष्ट होती: निसर्गाकडे माणसाच्या फायद्यातोट्याच्या नजरेतून न पाहता त्या जातीच्या जगण्याच्या नजरेतून पाहायचं.

त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राची तीन मंत्रालयं न्यायालयात परतली: पर्यावरण, ऊर्जा, आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा. म्हणणं असं, की हा आदेश पाळणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे आणि पाळला तर देशाची आंतरराष्ट्रीय वचनं मोडतील. पर्यावरण मंत्रालय संरक्षणाचा आदेश सैल करा म्हणून अर्ज करतं, यातला विनोद सरकारी फायलींत कोणाला जाणवला नसावा. तरी तांत्रिक मुद्द्यात तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. जमिनीखालची केबल नुसतीच महाग असते असं नाही. केबलची तार आणि भोवतालचं आवरण मिळून विद्युतभार साठवतात. त्यामुळे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या लांब केबलमध्ये प्रवाहाचा मोठा हिस्सा ती केबल भारण्यातच खर्च होतो. कोरड्या पाटाला पाणी सोडलं की पहिलं पाणी पाटच पितो, तसं. फरक एवढाच की केबलची ही तहान सेकंदाला पन्नास वेळा लागते. दाब आणि लांबी वाढेल तशी ती वाढते. शिवाय ४०० किलोव्होल्टची केबल अडीचशे मीटरच्या तुकड्यांत येते. दर किलोमीटरला चार-पाच सांधे, आणि बिघाड बहुधा सांध्यातच होतो. ७६५ किलोव्होल्टची वाहिनी शेकडो किलोमीटर वाळूखालून न्यायची, हे आजच्या तंत्राने झेपणारं काम नाही.

२१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने २०२१ चा सरसकट आदेश मागे घेतला. तारांचा निर्णय नऊ सदस्यांच्या तज्ज्ञ समितीकडे सोपवला. अग्रक्रमाचं क्षेत्र म्हणून राजस्थानातले १३,१६३ आणि गुजरातेतले ५०० चौरस किलोमीटर राहिले. बाकीच्या प्रचंड पट्ट्यातली सक्ती संपली. निकालपत्र सार्वजनिक झालं ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ते वाचल्यावर कायद्याच्या अभ्यासकांचं लक्ष माळढोकावरून उडालं, कारण त्यात एक वाक्य असं होतं, जे भारतात आजवर कोणत्याही न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे उच्चारलं नव्हतं: हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, आणि तो घटनेच्या कलम १४ व २१ मधून येतो.

हे नवं कशात, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. आपल्या मूळ राज्यघटनेत पर्यावरणाबद्दल वेगळं कलम नव्हतं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी आल्या: राज्याने पर्यावरण राखावं असं सांगणारं कलम ४८-अ आणि नागरिकाने ते जपावं असं सांगणारं ५१-अ (छ). पहिलं मार्गदर्शक तत्त्व, दुसरं मूलभूत कर्तव्य. दोन्हींच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नाही. मग १९८० च्या दशकात डेहराडूनच्या चुनखडीच्या खाणींपासून सर्वोच्च न्यायालयाने दुसरी वाट काढली. कलम २१ जगण्याचा हक्क देतं, आणि विषारी हवेत, सडक्या पाण्यात जगणं म्हणजे जगणं नव्हे. म्हणून स्वच्छ पर्यावरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग. १९९१ च्या सुभाषकुमार खटल्यात हे ठाम शब्दांत आलं. गंगेकाठची चामडी कारखानदारी, दिल्लीतल्या डिझेलच्या बसगाड्या, ताजमहालाभोवतालच्या भट्ट्या यांविषयीचे सगळे आदेश याच वाटेने आले.

पण ती वाट प्रदूषणाची होती. प्रदूषणाला धुराडं असतं, धुराड्याला मालक असतो. हवामानबदलाचं तसं नाही. मराठवाड्यात पाऊस रुसला किंवा कोकणात चक्रीवादळाने नारळी-पोफळी आडव्या केल्या, तर कोणाच्या दारात जायचं? जर्मनीतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणीच्या, की आज आपल्या चंद्रपुरात जळणाऱ्या कोळशाच्या? पुन्हा, फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. वातानुकूलित खोलीतल्याला उष्मा ही बातमी असते, वीटभट्टीवरच्या बाईला ती पोटाची गोष्ट असते. न्यायालयाने कलम २१ च्या जोडीला समानतेचं कलम १४ घेतलं ते यामुळे. घरात वीज नसली की त्याचा भार बायकांवर जास्त पडतो, हेही निकालात नोंदलं आहे. आणि हवामानबदलाला वाहिलेला एकही स्वतंत्र केंद्रीय कायदा देशात नाही, याकडे न्यायालयाने बोट दाखवलं.

इथवर सगळं स्वागतार्ह. मला खटकतं ते वेगळंच. नवा हक्क जाहीर झाला तो कोणाविरुद्ध? कोळशाची खाण वाढवणाऱ्या कंपनीविरुद्ध नाही. उष्णतेच्या लाटेत मजुरांना सावलीही न देणाऱ्या यंत्रणेविरुद्ध नाही. तो जाहीर झाला एका पक्ष्याला मिळालेलं संरक्षण कमी करताना. सौरऊर्जा झपाट्याने वाढवणं हा या हक्काच्या रक्षणाचा मार्ग, तिला अडवू नये, असा युक्तिवादाचा ओघ आहे. माळढोक आणि हवामान यांत एकाचीच निवड करायची असं आपण म्हणत नाही, असं न्यायालय बजावतं. पण हक्क मोडला असं कधी म्हणायचं, तो कोणी पाळायचा, न पाळल्यास दाद काय, यातलं काहीच निकाल सांगत नाही.

त्याच एप्रिलच्या ९ तारखेला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने स्वित्झर्लंडच्या वृद्ध महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. उष्णतेच्या लाटा म्हाताऱ्या बायकांना जास्त मारतात, हा त्यांचा मुद्दा. तिथे न्यायालयाने सरकारला सांगितलं, की उत्सर्जन किती आणि कधीपर्यंत कमी करणार याचं कोष्टक तुमच्या कायद्यात धड नाही, म्हणून हक्काचा भंग झाला. हक्कासमोर कर्तव्य उभं केलेलं दिसतं ते असं. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागारी मतातही राष्ट्रांवर हवामानाचं रक्षण करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, ती नुसती सदिच्छा नव्हे, असं आलं. आपल्याकडच्या निकालाचा पुढचा हप्ता अजून लिहायचा आहे.

जैसलमेरला परत येऊ. कारण दिल्लीतल्या युक्तिवादात पक्षी होता, पृथ्वी होती, कंपन्या होत्या, मंत्रालयं होती. त्या माळावर उंट आणि मेंढ्या चारणारा माणूस मात्र जवळजवळ नव्हताच.

थरमध्ये गावोगावी ओरण असतात. देवाच्या किंवा लोकदेवतेच्या नावाने राखलेली जमीन, कधी दहा-वीस बिघे, कधी हजारो. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही असा दंडक. खेजडी, केर, बोराटी, सेवण गवत, पाण्याच्या नाड्या. गुरं चरतात, माणसं केर-सांगरी वेचतात, पाऊस पडला की पाणी तिथेच मुरतं. आपल्याकडच्या देवराईची ही वाळवंटी बहीण. माळढोक याच गवतात अंडी घालतो. जैसलमेरजवळचं देगराय मातेचं ओरण त्यांतलं एक मोठं. तिथून तारा गेल्या, आणि तिथेच तारेला धडकून मेलेले माळढोक गावकऱ्यांना सापडले.

महसूल दप्तरात यातल्या कितीतरी ओरणांचा उल्लेखच नाही. जमीन कोणाच्या नावावर नाही, नांगराखाली नाही, म्हणजे सरकारी पडीक. आणि पडीक म्हणजे सौर प्रकल्पाला मोकळी. इथे आणखी एक कायदेशीर वस्तुस्थिती लक्षात घ्यायला हवी. २००६ च्या अधिसूचनेनुसार धरणाला, खाणीला, औष्णिक केंद्राला पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी करावी लागते; सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्प त्या यादीत नाही. हजारो एकरांचं उद्यान उभारताना गावाला एका मांडवात बोलावून तुमचं काय म्हणणं आहे, असं विचारण्याची सक्ती नाही. स्वच्छ ऊर्जेला कागदपत्रांच्या जंजाळात अडकवू नये हा त्यामागचा हेतू समजू शकतो. पण धूर नाही म्हणून परिणाम नाही, हे गणित चूक आहे. फलक धुवायला पाणी लागतं, कुंपणाने चराई बंद होते, आणि खेजडी तोडल्याबद्दल बिकानेरकडच्या बिष्णोई समाजाने आंदोलनं केली ती याच प्रकल्पांविरुद्ध.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनांविषयीच्या जुन्या गोदावर्मन प्रकरणात राजस्थान सरकारला ओरणांचं सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. ओरण वाचवणाऱ्यांना हे हवंच होतं, पण निम्म्या आनंदाने. जमीन वन ठरली की वनखातं येतं, आणि वनखातं आलं की मेंढपाळाला पावती मागतं, ही भीती राजस्थानच्या गावांत त्याआधीपासून बोलली जात होती. म्हणून निकालात २००६ च्या वनहक्क कायद्याचीही आठवण आहे: ज्यांनी राखलं त्यांचे सामूहिक हक्क मान्य करून राखा. अंमल कसा होतो ते पाहायचं.

ही भीती पोकळ नाही, हे महाराष्ट्राने सोलापुरात अनुभवलं आहे. नान्नजच्या माळावर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली कुरणं राखली गेली, गवत वाढलं, माळढोक दिसू लागले, आणि १९७९ मध्ये सरकारने अभयारण्य जाहीर केलं: ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, नेवासे अशा तालुक्यांवर नकाशात एक मोठा पट्टा ओढला गेला. त्यात गावं आली, बागायत आली, रस्ते आले. ज्यांनी माळढोक उभ्या जन्मात पाहिला नव्हता, त्यांनाही जमिनीच्या व्यवहारात आणि बांधकामाच्या परवानगीत तो आडवा येऊ लागला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर उजनीचं पाणी आलं होतं, उसाने माळ खाल्ले होते, आणि पक्ष्याबद्दल लोकांच्या मनात अढी बसली होती. आज नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. तिथे ना सौर प्रकल्प होता ना ७६५ किलोव्होल्टची वाहिनी. लोकांना न विचारता आखलेलं संरक्षण एवढं एक कारणही बरंच नुकसान करून गेलं.

हरित ऊर्जा आणि चराईवर जगणारी माणसं यांच्यातला हाच प्रश्न नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या टोकाने सोडवला, आणि तो निकाल आपल्याकडे फारसा वाचला गेलेला नाही. फोसेन द्वीपकल्पावर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तिथले सामी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळतात. हिवाळ्यात कळप ज्या पठारावर चरतो तिथेच हा प्रकल्प. पवनचक्क्यांच्या आसपास रेनडिअर फिरकत नाहीत. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं, की हा परवाना अवैध आहे, कारण अल्पसंख्य समूहांना आपली संस्कृती जगण्याचा जो हक्क नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७ ने दिला आहे, तो मोडला. हरित ऊर्जेची गरज न्यायालयाने नाकारली नाही. ती गरज सामींचं इतकं नुकसान न करणाऱ्या दुसऱ्या जागी भागवता आली असती, एवढंच म्हटलं.

मग पवनचक्क्या पाडल्या का? नाही. परवाना अवैध ठरून पाचशे दिवस उलटले तरी पाती फिरतच होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुण ओस्लोतल्या मंत्रालयांच्या दारात ठिय्या देऊन बसले. हवामानासाठी लढणारी ग्रेटा थुनबर्ग पवनचक्क्यांविरुद्ध त्यांच्या शेजारी बसली, आणि जगभरच्या वार्ताहरांना हे कोडं पडलं. सरकारने माफी मागितली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये रेनडिअर पाळणाऱ्या दोन सामी गटांशी समझोते झाले: भरपाई, दुसरीकडे चराई, काही वीज. जिंकलेला खटलासुद्धा एकदा काँक्रीट ओतून झाल्यावर कितपत उपयोगी पडतो, हे त्यातून दिसतं. हक्क विचारायचा तो पायाभरणीच्या आधी. नागरी व राजकीय हक्कांचा तो आंतरराष्ट्रीय करार भारतानेही १९७९ मध्ये स्वीकारलेला आहे, हे जाता जाता.

आपल्या खटल्याचा ताजा टप्पा १९ डिसेंबर २०२५ चा. न्या. नरसिंह आणि न्या. अतुल चांदुरकर यांच्या पीठाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशी बव्हंशी स्वीकारल्या. अग्रक्रमाचं क्षेत्र थोडं वाढून राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर झालं. त्यात नव्या पवनचक्क्या आणि मोठे सौर प्रकल्प नकोत, वाहिन्या ठरवून दिलेल्या मार्गिकांमधूनच जाव्यात, काही जुन्या तारा जमिनीखाली घालाव्यात. कंपन्यांची सामाजिक जबाबदारी म्हणजे पर्यावरणाचीही जबाबदारी आणि तो दानधर्म नव्हे, असंही पीठाने सुनावलं. २०२१ च्या सरसकट मनाईपेक्षा हे लहान आहे, पण पाळता येईल असं आहे, आणि मला ते एकंदरीत बरं वाटतं. दरम्यान जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत पक्ष्यांची संख्या साठीपलीकडे गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. पण पिंजऱ्यात वाढलेला पक्षी सोडायला माळ लागतो, आणि त्या माळावर तारा असून चालत नाही.

देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा २०२५ च्या मध्यावर बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. म्हणजे वेग आहे. आता प्रश्न जागेचा आहे, आणि तो राजस्थानपुरता नाही. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ पासून महाराष्ट्रात राबवली जाते. रात्री दोन वाजता पंप सुरू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला साप-बिबट्याची जी भीती असते, ती दिवसा वीज मिळाली तर संपेल. योजनेचं हे मोल मोठं आहे. उपकेंद्राजवळ छोटे प्रकल्प, जवळच्याच शेतांना वीज, म्हणजे शेकडो किलोमीटरच्या वाहिन्यांची गरज नाही. थरच्या महाकाय उद्यानांपेक्षा ही रचना मला अधिक शहाणपणाची वाटते. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आहे. सरकारी जमीन मात्र नाममात्र दराने मिळते, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे पुष्कळदा गायरान.

गायरानावर कोणाची गुरं चरतात? ज्याची वीस एकर बागायत आहे त्याची नव्हे. भूमिहीनाच्या दोन शेळ्या, धनगराचा कळप, कधी पारध्याची झोपडी, कधी दलित कुटुंबाने पिढीपूर्वी कसायला घेतलेला तुकडा. भाडं मिळतं ते जमीनमालकाला. चराई जाते ती ज्याच्या नावावर काहीच नाही त्याची. २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनी वाचवण्याचे आदेश राज्यांना दिले, आणि त्यावरून आपल्या सरकारने १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णयही काढला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २२ गायरान राखून ठेवतं आणि २२-अ त्याचा वापर सहजासहजी बदलू देत नाही. सार्वजनिक कामासाठी, तेही दुसरी योग्य जमीन नसेल तरच, अशी अट आहे. सौर प्रकल्प हे सार्वजनिक काम आहे हे मान्य. दुसरी जमीन खरोखर शोधली होती का, हा प्रश्न तरी उरतोच.

तेव्हा आपल्या गावच्या गायरानावर असा प्रकल्प यायचा असेल, तर तो येण्याआधी ग्रामसभेत उभं राहून विचारा: गट नंबर कोणता, दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या आणि त्या का सोडल्या, गावात गुरं किती आणि उरलेलं गायरान त्यांना पुरतं का, कुंपणातून वाट किती रुंदीची ठेवणार. उत्तर तोंडी घेऊ नका. ठरावात लिहून घ्या, आणि ठरावाची नक्कल माहितीच्या अधिकारात मागून ठेवा. खांब रोवायच्या आधी त्या कागदाला जी किंमत असते, ती नंतर उरत नाही.